बुटांचे नंबर

जुलैच्या दोन आठवड्यांच्या सुट्टीत
कोर्कोवादोच्या रानात जायचं ठरलं,
म्हणजे केइलोरने ठरवलं, आम्ही नाही म्हणालो नाही.
कार्तागोच्या थंडीत, जेवणं उरकून,
मी टेबलावर नकाशा पसरते.
तीन कोपऱ्यांवर मीठदाणी, कॉफीचा डबा, ओल्मानचा मोबाईल,
चौथ्यावर फिओरेलाचं कोपर.

केइलोर यादी करतो:
टापीर. लाल मकाव. कोळी-माकड.
विषारी बेडूक, पण लांबून.
जॅग्वार (दिसला तर).
त्या 'दिसला तर'ला त्याने कंस घातलाय.
नऊ वर्षांच्या पोराला कुठून आला हा समजूतदारपणा?

दुसऱ्या कागदावर ओल्मान:
सान होसेहून बस, आठ तास लिहिलेत, म्हणजे दहा.
वाटाड्या सक्तीचा, त्याचे पैसे माणशी.
परवाना माणशी. होडी माणशी.
'माणशी'खाली तो दोन रेघा मारतो
आणि माझ्याकडे बघतो,
जणू इतकी माणसं मी एकटीनेच जमवली.

दवाखान्यात दात बसवायला आलेले परदेशी
मला विचारतात, तुमच्या देशात काय काय बघावं?
मी भरभरून सांगते, स्लॉथ, ज्वालामुखी, अंडी घालणारी कासवं,
माहितीपत्रक पाठ आहे मला.
चौतीस वर्षांत मी पाहिलेलं सगळ्यात रानटी जनावर
म्हणजे छपरावर आलेलं ओपोसम.
तेही ओल्मानने झाडूने हाकललं.

सासरे खिडकीपाशी.
एकोणीस वर्षं ते त्या रानात होते.
आमच्या घरात त्याला 'तिकडे' म्हणतात.
'तिकडे असताना...' एवढ्यावर वाक्य संपतं,
पुढचं कुणी विचारत नाही.
फिओरेला विचारते, तिला अजून घरातले नियम ठाऊक नाहीत:
"आजोबा, टापीर कुठे असतो?"

ते उठतात. पेन्सिल मागतात.
नकाशावरच्या हिरव्या पट्ट्याच्या कडेकडेने
एक फुली काढतात. मग एक. मग आणखी.
पोरगी खूश: "इतके टापीर!"
"टापीर नाहीत गं. झाडं."
"कुठली?"
"मी पाडलेली. आठवतात तेवढीच."

ओल्मानची आकडेमोड थांबते.
ते थांबत नाहीत.
"हे एस्पावेल. पडायला अख्खी दुपार घेतली त्याने.
ह्याच्या ढोलीत मकाव होते. दोन पिल्लं.
हे नासारेनो. कापलं की आत नुसतं मातकट,
मग उजेड लागला की जांभळं होत जातं,
मुका मार काळानिळा होतो ना, तसं."
आणि त्यांचं बोट नकाशाबाहेर येतं,
टेबलाच्या कडेवर थांबतं.

बारा वर्षं हे टेबल पुसतेय मी.
मला वाटायचं, कुणीतरी रंग दिलाय.

केइलोर यादीतला मकाव खोडतो,
थोड्या वेळाने पुन्हा लिहितो.
मी विचारते, "तुम्ही येणार ना?"
"मला धरू नका. तो वाटाड्या मला काय दाखवणार?
आणि तिकडे गेल्यावर..."
वाक्य तिथेच, नेहमीसारखं.

रात्री चौघांची बेरीज केली.
ओल्मानच्या दाढेचं काम पुढे ढकललं तर
जमत होती, जेमतेम.

सकाळी बुटांच्या यादीवर
(रबरी, गुडघ्याएवढे, चिखलासाठी)
अडतीस, त्रेचाळीस, चौतीस, एकोणतीस,
आणि खाली पेन्सिलीने, एक्केचाळीस.
त्याखाली, थरथरत्या अक्षरात:
टापीर शोधायचा नसतो.
पहाटे ओढ्याकाठी बसायचं.
वारा त्याच्याकडून आपल्याकडे यायला हवा.
पोरांना खोकला नको.

मी 'माणशी' पुन्हा मांडते, पाचाने गुणते.
आता जमत नाही.
होडीवाल्याला फोन लावते,
तो उचलेपर्यंत पेन्सिलीचे कण टेबलावरून झटकते,
आणि विचारते,
म्हाताऱ्या माणसाला काही सूट असते का हो,
वाट माहीत असेल तर?