टेर्नाची पहिली रात्र

मे महिना, ऑरुस्ट बेट. रात्र झाली तरी
आकाश पुरतं विझलेलं नाही.
क्रेननं तिला पाण्यात सोडलं तेव्हा धक्क्यावर टाळ्या वाजल्या,
आता टाळ्यावाले जेवून निजलेही असतील.
मी गुडघ्यांवर, तळाची फळी उचलून,
हातपंपाचा दांडा खाली, वर, खाली.

टेर्ना गळते आहे.

गळणारच, आल्गोतनं आधीच सांगितलं होतं.
सहा महिने शेडमध्ये उभी, कोरडी ठणठणीत;
महोगनी आक्रसली, सांधे उघडले,
कापसाच्या वाती सैल पडल्या,
आत बसलं की बाहेरचा दिवस
बारीक रेघांनी दिसायचा.
"तिला पाणी पिऊ दे पोटभर," तो म्हणाला,
"तहान भागली की स्वतःच दारं लावून घेईल.
पहिल्या रात्री तेवढं एकटं सोडू नकोस."
पैसे त्यानं निम्मेच घेतले.
बाकीचे मी आत्ता फेडते आहे.

शेजारी रॉल्फची पांढरी फायबरची बोट.
दुपारी उतरली, बांधली, तो गेलासुद्धा.
नावं ठेवायला तिच्यात जागा नाही.
पाण्यात असते, पण पाण्याची तिला
ओळख नाही.

पाणी कुठंतरी मुरतंय म्हणावं
तर संशयाचा वास येतो त्या वाक्याला.
इथं मुरतंय, आणि मुरायलाच हवं.
फळी फुगते, शेजारच्या फळीला खांदा देते,
ओकच्या फासळ्या कुरकुरतात
गाढ झोपेतून कुणी हाक मारल्यासारख्या.

कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीचे आकडे.
वर्ष, आणि पहिल्या रात्री
तासाला पंपाचे किती हात.
१९३८: चारशे दहा. हे बांधणाऱ्याचं अक्षर, टोकदार.
मग मधली वर्षं कोरी.
१९६३: तीनशे. हिल्मानं मोजले, मी झोपलो.
१९६४: दोनशे नव्वद. हिल्मानं मोजले,
मी झोपेचं सोंग घेतलं.
अशी खूप वर्षं. काही ओलीनं पुसट.
२००९: मोजले नाहीत.

उन्हाळ्यात लोक धक्क्यावर थबकतील,
व्हार्निशमध्ये स्वतःचा चेहरा पाहतील,
सुंदर आहे हो, म्हणतील. आहेच.
पण सुंदर वस्तू पुष्कळ असतात माणसाकडे,
त्यांच्यासाठी कुणी पहाटेपर्यंत
ओल्या मोज्यांनी बसत नाही.
का बसते मी? दाताच्या कवळ्या बनवणारी बाई,
बूरोस गावची, समुद्रापासून तासभर लांबची.
उत्तर नाही. हात दुखतो आहे.
आणि हात दुखतो आहे हे मला
कसं कोण जाणे, आवडतं आहे.

पावणेतीनला पंप खोकला.
नुसती हवा.
पुन्हा दांडा मारला, पुन्हा हवा.
फळीला कान लावला:
बाहेर पाणी, आत मी, मध्ये
अंगठ्याएवढ्या जाडीचं लाकूड,
जे आता दोघांनाही ओळखतं.

पेन्सिल कपाटातच होती, बोटाच्या पेराएवढी.
दोनशे साठ, मी लिहिलं. मालीन.
थोडं थांबून खाली: कुणी झोपलं नाही.

कारण वर आले तेव्हा
धक्क्याच्या टोकाला एक जुनी गाडी,
काच खाली, आत टोपी.
पंपाचा आवाज थांबलेला त्यानं ऐकला असणार.
दिवे एकदा लागले, विझले,
आणि चौऱ्याऐंशी वर्षांचा आल्गोत
गाडी मागे घेऊ लागला, फार सावकाश,
कुणाची झोप मोडू नये तसा.