तांबडा

नान्नजच्या शेडमध्ये रात्रीचे साडेअकरा.
शिराझ बासष्ट, काबर्ने तीस,
उरलेल्या आठाचं काही ठरेना.
शिराझ उन्हात वाढलेली, बडबडी;
काबर्ने दारातच उभी,
चप्पल न काढता.

अप्पा चादरींच्या रंगखात्यात होते,
नखं मरेपर्यंत लाल.
आधी तेलुगूत म्हणायचे, मग मराठीत:
तांबडा एका पुडीचा नसतो, नरसू,
चिमूटभर काळा पडला की बोलतो.

कोपऱ्यातल्या पिंपातली काळीकुट्ट काढली,
जीभ ओढणारी,
एकटी कुणी पिणार नाही अशी.
आठ नाही. पाचच.

ट्यूबलाइटखाली ग्लास धरला.
आधी जांभूळ. मग लसूण,
तो माझ्या डब्यातल्या शेंगाचटणीचा असेल.
आणि गिळून झाल्यावर, उशिरा,
ओल्या सुताचा वास.

तीन टक्के अजून रिकामेच आहेत.