मानशीवरची रेघ

नववी 'ब'चे आम्ही अकरा जण,
चोडणच्या बांधावर, गुडघाभर चिखलात.
रंगाचा डबा, मीटरटेप,
आणि सरांनी दिलेला तक्ता : उद्देश, कृती, निष्कर्ष.

मानशीच्या दगडावर पट्टी रंगवायची ठरली,
खारं पाणी कुठवर चढलंय
ते येताजाता कुणालाही दिसावं म्हणून.
मेल्विननं आकडे काढले,
शर्मदानं लाल रेघ ओढली :
इथून वर धोका.

पुनाजी विडी विझवून उठला.
चाळीस वर्षं मानशीच्या फळ्या उघडतोय, मिटतोय,
मनगटावर घड्याळ नाही.
आमच्या रेघेच्या वीतभर खाली त्यानं बोट टेकवलं.
"पुनवेचं पाणी हांगा आलं की शेत गेलंच.
तुमची रेघ मागाहून रडायला."

खरवडली. नखांत लाल राहिलं.
नवी ओढली त्याच्या बोटाला लागून,
बोटही थोडं रंगलं;
त्यानं पुसलं नाही, हसलाही नाही.

आता पाळीपाळीनं नोंद करतो.
पुनाजी वहीत डोकावतो,
आकडा वाचता येत नाही, रेघ येते.

सरांनी विचारलं, निष्कर्षाचा रकाना कोरा का?
म्हटलं, सर,
पुनव गुरुवारी आहे.