मातीतली वाट

गुरुवारची रात्र. रुवीत, इस्त्रीवाल्याच्या वरचा मजला.
जेवणाच्या टेबलावर मी किल्ला मांडलाय,
सात दरवाजे, महिनाभर खपून रंगवलेले,
आणि दिलावर मुकादम म्हणतो,
मला मातीतून चालता आलं पाहिजे.

मी पंखांना नाही म्हणायची तयारी करून बसले होते.
सगळे पंखच मागतात. बीना चाकोला
चौथ्या पातळीपर्यंत थोपवून धरलंय.
आणि हा तर दिवसभर नव्वद मीटरवर
क्रेनच्या काचेच्या खोक्यात बसणारा,
डबासुद्धा दोरीनं वर ओढून घेणारा माणूस.

पुस्तकात आहे, म्हणतो, पान एकशे बारा.
पुस्तकात पुष्कळ असतं रे, माझ्या टेबलावर नसतं.
तू खालून निघून गेलास
तर माझे राखणदार बोलणार कुणाशी?

तो हसतो. हर्णैच्या लिलावात वाढलेला,
पहिली बोली खरी नसते हे जाणून असलेला.
बरं, दगडातून नाही.

मी खिडकीबाहेर बघते.
चारी बाजूंनी बोडके डोंगर. नुसता दगड.
फार सोडलंस हो!

ओल्या वाळूतूनही नाही.
दिवसातून एकदाच.
आणि एकट्यानं.

एकट्यानं नाही, म्हणतो. आता हसत नाही.
एकाचा हात धरून. एकाचाच.

चहावर साय धरते. हेरंब घड्याळ बघतो.
देऊन टाक गं, बीना म्हणते, मासळी नासेल.
आणि मी निव्वळ अडवायचं म्हणून बोलून जाते:
जितका वेळ खरोखर श्वास रोखशील
तितकीच वाट.

ठरलं.
चष्मा काढून ठेवतो.
बीना सवयीनं मनगटावर दोन बोटं टेकवते.
दुसरा हात तो हेरंबपुढे करतो.
हेरंब पँटला तळवा पुसून देतो आपला हात
आणि गाल फुगवतो,
त्यालाही रोखावा लागेल का
हे ठरवायचंच राहिलं.

मी मोजते. एसी घरघरतो.
एकोणीस, वीस. पहिला दरवाजा गेला.
चाळिशीला तिसरा. तिथला तोतरा राखणदार,
ज्याचं कोडं मी ऑफिसात, पगारपत्रकाच्या मागे लिहिलं होतं,
पायाखाली काही हललं म्हणून
क्षणभर भाला सावरतो,
पुन्हा जांभई देतो.

बावन्न. दिलावरच्या कपाळावर शीर.
सातवा अजून लांब आहे.
त्रेपन्न चोपन्न पंचावन्न,
मीच आता आकडे
भरभर टाकतेय.