मधला आवाज

बाई आली नवऱ्याच्या मागनं;
तो नवे माग जोडायला, अक्कलकोट रोडवर.
झुझाना. तिकडं ऑपेरात गाते, म्हणाला दुभाष्या.
आईनं विडीची पानं कातरता कातरता विचारलं,
"राणी व्हतीस का गं?"

ती हसली. बोटं मोजत गेली:
दाई. चेटकीण. दोनदा सावत्र आई.
एकदा तर मुलगा, छाती आवळून बांधलेला.
राणीचा आवाज वरचा. माझा मधला.
मला मरायलाही क्वचित मिळतं,
मरणारीचा हात धरून उभी असते.

"म्हंजी समदं काम हिच्याकडंच,"
आई म्हणाली, आणि सूप पुढं सरकवलं.

मग ती गायली. शेडमध्ये चोवीस माग चालू.
नरसय्या अजून म्हणतो, काही ऐकूच आलं नाही.
मला आलं.
खटखटीच्या वर नव्हे, खाली कुठंतरी,
धोटा परततो तेवढ्या फटीत.

नाताळला पत्रं यायची. शेवटच्यात होतं:
स्टेज सुटलं. पोरांना श्वास घ्यायला शिकवते.
तुमचा टॉवेल विरला, दुसरा मिळेल?

आईला वाचून दाखवलं.
तंबाखूचे हात पदराला पुसत म्हणाली,
"दोन धाड. गळा हाय तो."