त्रेसष्ट

शाळेचा स्वेटर मरूनच हवा, आणि गळा व्ही.
तिबेट्यांकडे तयार मिळतो दीडशेला,
पण बाही दोन बोटं आखूड निघते,
आणि शाल्मलीचे हात
नोव्हेंबरात मोजले तेवढे डिसेंबरात राहत नाहीत.
म्हणून टोपी बाजारातून सहा लड्या आणल्या.
लागली तर नंतर न्या, म्हणाला दुकानदार.
नंतरच्या लडीचा रंग कधी जुळत नाही.
सातवी घेतलीच.

सासूबाईंची वही काढली, मापांसाठी.
मध्येच तेलकट पानावर क्रोशाची झालर:
तीन साखळ्या, एक मुका खांब, एक खांब.
लग्न होऊन ग्वाल्हेरला आले तेव्हा हसले होते मी,
खांब काय बोलतात का, सासूबाई?
त्या म्हणाल्या, मुका म्हणजे बुटका.
आधी दोरा गुंडाळायचा नाही. एवढंच.

मिल बंद झाली त्याला हा तिसरा हिवाळा.
अच्युतभावजी खिडकीजवळच्या खाटेवर,
मफलर कानांवरून, पाय रजईत.
वाढलं की जेवतात.
भाजीत मीठ राहिलं तरी जेवतात.
चहा? तर मान.
गजक? तर मान, दुसऱ्या बाजूला.
ह्यांनी विचारून पाहिलं, डॉक्टरांनी पाहिलं,
नागपूरच्या वन्सं येऊन रडून गेल्या.
मी काही विचारत नाही.
मी त्यांच्यासमोर बसून विणते,
कारण ऊन तिथेच येतं,
धुकं फिटलं तर, सव्वाअकरा ते साडेबारा,
खाटेच्या पायापर्यंत.

सुलट, उलट, सुलट, उलट.
पट्टी झाली. पाठ वीतभर झाली.
मध्येच कुकर, मध्येच नळ,
मध्येच शेजारच्या भदौरियाबाई विळी मागायला,
"भाभीजी, अभी तक इतना ही?"
मला बोलता बोलता मोजता येत नाही.
ओठ हलवत मोजते,
मुलांना वाटतं आई स्तोत्र म्हणतेय,
तेवढीच ती गप्प.

आज बगल घ्यायची होती.
दोन्हीकडून पाच-पाच टाके बंद,
त्याआधी सगळे एकदा मोजून.
अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ,
दोन-तीन आणखी सरकवले असतील,
एवढ्यात दूध.
सुया तशाच टाकून धावले.
शेगडी पुसली, पातेलं उतरवलं,
उरलेल्या दुधाकडे बघून
संध्याकाळचा एक चहा मनातल्या मनात कमी केला,
परत आले.

कुठे होते गं मी?
शाल्मली म्हणाली, सिक्स्टी समथिंग.
थंडीची सुट्टी आहे, तिला काही विचारू नये.
पहिल्यापासून मोजायला सुई उचलली,
तर खाटेवरून,
महिनोन् महिने न काढलेल्या कडीसारखं,
"त्रेसष्ट."

मी वर नाही पाहिलं.
पाहिलं असतं तर परत आत गेले असते.
सत्तावीस वर्षं ताणा खात्यात होते.
हजारांत तुटलेला एक धागा
चालता चालता दिसायचा म्हणे त्यांना.

"आणि खाली एक सुटलाय. डावीकडे."

सुटला होता.
चार ओळी खाली, शिडी लोंबत होती.
क्रोशाची सुई घेतली,
एकेक पायरी चढवत आणला वर.
चौसष्ट, मी म्हणाले, मोठ्यानं.
पासष्ट.
आणि थांबले.
शाल्मलीचं नाक पुसलं, ते वाहत नव्हतं तरी.

काही नाही.
ऊन खाटेवरून उतरलं, कोनाड्याकडे गेलं.
भदौरियाबाईंनी विळी परत आणून दिली.

उद्याही तिथेच बसेन.
सातवी लडी उरणार असं दिसतंय.
एका लडीत मफलर होत नाही,
दुसरीचा रंग जुळायचा नाही,
पण मफलरला पट्टे चालतात.
मरून शोभेल का, विचारावं म्हणते.
आणि टाके किती घालू, तेही.