पश्चिमेची भिंत

बेसा रोड, तिसरा मजला.
बैठकीच्या पश्चिमेच्या भिंतीला मे महिन्यात
रात्री नऊलाही हात लावून राहवत नाही.
बिल्डरनं तिला दिलेला रंग
दवाखान्यातल्या चादरीचा.
मी ठरवलं, हिचं शेतावरचं घर करायचं.
शिरीष म्हणाला, "शेत कुणाचं?"

बरोबर आहे. त्याच्याकडे तीन पिढ्या टपाल खातं,
माझ्याकडे रेल्वे, अजनीचे क्वार्टर.
आमच्या नखांत माती गेली
ती कुंड्यांपुरतीच.

तरी कळमन्याला जाऊन
संत्र्याच्या अकरा पेट्या आणल्या, रिकाम्या.
हमाल विचारत राहिला, "माल कुठाय, माल?"
माल नको म्हटल्यावर त्यानं असं पाहिलं,
जसं कुणी सालीसाठी संत्रं घ्यावं.

पक्कडीनं खिळे उपटले.
फळ्यांना पांढरा दिला, वाळू दिला,
मग पॉलिश पेपरनं जागोजागी घासला.
आधी नवं करायचं, मग दमवायचं.
दुकानात हीच फळी नऊशेला मिळते,
दमणूक धरून.

सातव्या फळीवर घासता घासता
पांढऱ्याखालून पेन्सिल वर आली:
*लहान १६०. डागी १२.
उचल २००.
रविवारी येणार नाही.*
खाली नाव नाही.
पण 'नाही'ची वेलांटी
फळीच्या कडेपर्यंत ओढलेली.
मी पेपर खाली ठेवला.
ती फळी तशीच घेतली, सगळ्यांत वर.

रूपलाल हेडाऊ आला गोळीबार चौकातून,
डोक्याला दुपट्टा, ड्रिल मशीन पिशवीत.
पहिल्याच भोकातून पांढरी भुकटी
भसाभस सोफ्यावर.
"हे भित नाई जी बाई, बिस्कुट आहे.
चायीत बुडवाल त विरघळून जाईन."
मग त्यानं बैलगाडीचं चाक पाहिलं,
इतवारीच्या भंगारातून घासाघीस करून आणलेलं.
एका हातानं उचलायला गेला,
उचललं नाही,
आणि काहीच बोलला नाही.
ते चाक आता सोफ्यामागे टेकून असतं.
शिरीष त्यावर टॉवेल वाळत घालतो.

सजावटीच्या खोक्यात एक वस्तू होती,
दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये पोकळ.
पावतीवर लिहिलेलं: लाकडी नाव, शोभेची.
"नाव कायची जी? धोटा आहे हा."
अंगठ्यानं त्यानं टोक चाचपलं,
कांडी कुठे बसते, सूत कुठून निघतं,
मला दाखवलं, स्वतःलाही एकदा.
"बाबाजवळ सहा होते. पाच चुलीत गेले.
एक लहान्या बहिणीनं भावली म्हणून नेला."
स्क्रूचा भाव सांगावा
तशा आवाजात सांगितलं.

मी धोटा उभा लावणार होते, दाराशेजारी.
तो म्हणाला, "आडवा लावा.
उभा धोटा म्हणजे सुट्टी."
लेव्हल न लावता, एक डोळा मिटून
त्यानं तो बसवला.
सहा भोकांचे तीनशे घेतले,
धोट्याचंही धरून.
जाताना जिन्यातून ओरडला,
"वर जड काई ठेवू नका हो!"

रात्री कूलर लावला.
वाळ्याची ओली हवा भिंतीला लागली
आणि फळ्यांनी वास सोडला,
आंबूस, नासक्या संत्र्याचा,
पांढऱ्या रंगाच्या दोन हातांमधून.
शिरीष दोनदा उठून
फ्रिज हुंगून आला.

सकाळी मुंग्या.
स्विचबोर्डामागून निघालेल्या,
बिस्किटाच्या भिंतीवरून सरळ वर,
धोट्याला वळसा घालून
पेन्सिलीच्या हिशेबापर्यंत.
'डागी १२'शी थोडी गर्दी.
मला तर वाटलं, त्या मोजतायत.

इतक्या खटाटोपात
न मागता आलेली ही एकच गोष्ट.
शिरीष खडू आणायला निघाला, चपला घातल्या.
मी म्हटलं, राहू दे आज.
रविवार आहे.